समोर बसणारी माणसं

भोपाळला हबीबगंज स्टेशनच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक बाकाखाली सरकवली आणि उतरून खिडकीशी उभे राहिले. मी मुंबईला औद्योगिक संबंध शिकायला निघाले होते आणि त्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. "मालक-कामगारांची भांडणं मी रोज निस्तरतो, त्यात शिकायचं काय? इंजिनीअर हो," हे महिनाभर ऐकून झालं होतं. गाडी हलली तेव्हा वाटलं, आता तरी काही गोड बोलतील. तर म्हणाले, "अजून विचार कर. इटारसीला उतरता येतं." आई रडता रडता हसली.

पिपलानीच्या कारखाना-कॉलनीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून लांब गेलेल्यांनो, तुम्हाला बाबा आठवत असतील. कारखान्याच्या कार्मिक विभागातले दामले साहेब. शेजारच्या क्वार्टरमध्ये युनियनचे तिवारीजी. संपाच्या दिवसांत गेटवरून लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज यायचा, "दामले साहब, हाय हाय!" वडिलांचं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलं जातंय म्हणून मी शाळेच्या बसमध्ये ताठ बसायचे. संध्याकाळी हेच तिवारीजी आमच्या व्हरांड्यात. बाबा म्हणायचे, "आवाज बैठ गया आपका. अदरकवाली चाय लीजिए. माँग आपकी ठीक है, मगर मैं मानूँगा नहीं." मग चहाबरोबर पुन्हा जुंपायची.

आई सांगलीहून नवी नवरी म्हणून आली तेव्हाची गोष्ट तर तिनं सगळ्या कॉलनीला ऐकवली होती. शिपाई सांगत आला, "बहनजी, साहब वार्ता में बैठे हैं, देर लगेगी." आपल्याकडे वार्ता येते ती बहुधा कुणी गेल्याची. आई पिठाच्या हातांनीच शेजारी धावली. तिवारी काकूंनी तिला खाली बसवलं. "अरे भाभी, वार्ता मतलब बातचीत. हमारे वाले भी वहीं हैं, आपके वाले के ठीक सामने." नवरे तिकडे हमरीतुमरीवर आले होते आणि इकडे दोघी एका ताटात जेवल्या.

पुढे मुंबईत आणि मग इंग्लंडमध्ये मी जे शिकले आणि शिकवलं, त्याच्या मुळाशी तो व्हरांडाच होता. भांडण वाईट नसतं, दोन्ही बाजूंचं हित वेगळं असणारच, फक्त समोरासमोर बसायची रीत हवी. आमचा अख्खा विषय एवढाच आहे. सुरुवातीला वर्गात बसायला जागा नसायची. युनियनची माणसं यायची, वकील यायचे. मग गिरण्या, कारखाने आटले. कार्मिक विभागाच्या दारांवर 'मनुष्यबळ' असं लिहिलेलं दिसू लागलं आणि मुलांना भांडणाऐवजी 'एंगेजमेंट', म्हणजे माणसांना कामात गुंतवून ठेवणं, शिकायचं होतं. विषयाचं वय झालं, असं माझ्या तोंडावर बोललं जाऊ लागलं.

मला मात्र तसं वाटत नव्हतं. माझी एक विद्यार्थिनी सायकलवरून घरोघरी जेवण पोचवायची. एका सकाळी ॲपनं तिला बाहेर काढलं. ती मला विचारत होती, "जाब विचारायचा कुणाला?" मी बाबांना म्हणायचे, बघा, आता तर विषयाची खरी गरज आहे. समोरची खुर्चीच कुणीतरी काढून नेली आहे, ती शोधायचं काम आमचं.

बाबा तेव्हा भोपाळातच, इंद्रपुरीतल्या घरात एकटे होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तिवारीजी रीवाला गेले, आई वारली. रविवारी आमचा फोन म्हणजे वादच. "संप नाहीत, युनियन नाही, विषय कसला डोंबलाचा?" असं ते मुद्दाम म्हणायचे आणि मी पेटायचे.

मग विद्यापीठातलं माझं मॉड्यूल, म्हणजे मी शिकवायचे तो अभ्यासक्रम, बंद झालं. एक मेल आला, पुनर्रचनेनुसार ते पुढल्या वर्षी नसेल. मीटिंग मागितली तर मत नोंदवायची एक लिंक आली. मी लांबलचक मत नोंदवलं आणि आभाराचा आपोआप निघणारा मेल मिळाला. आयुष्य ज्यात घातलं ते असं गेलं.

बाबांना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, तरी मी सांगत होतो. त्यांनी विचारलं,

"समोर कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही, बाबा."

"अगं, मग तू भांडलीस कुणाशी?"

मग तेच म्हणाले, "इकडे ये. माझ्याशी भांड."

मी गेले. ती सगळी सुट्टी आम्ही जेवताना भांडलो, औषधं घेताना भांडलो. ते मालकाची बाजू घ्यायचे, मी त्या सायकलवालीची. एकदा ते हरले आणि रागावून फिरायला निघून गेले. इतकी सुखी मी कित्येक वर्षांत नव्हते. पुढल्या उन्हाळ्यात ते गेले. घर विकलं.

मागे एका लग्नासाठी भोपाळला गेले, तेव्हा हॉटेलात उतरले. खोलीत कोंदट वास होता म्हणून खाली जाऊन तणतणले. खरं तर फार काही वास नव्हता. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, "जी मॅडम, आप बिलकुल सही कह रही हैं," आणि लगेच दुसरी चावी दिली. त्या चांगल्या खोलीत बसून मी पोटभर रडले. माझ्या गावात माझं म्हणणं खोडून काढणारं आता कुणी उरलं नव्हतं.