माझा आवाज नसलेलं आमचं गाणं

आम्ही तिघी. दोघी सख्ख्या बहिणी आणि तिसरी मी. विट्याच्या कॉलेजात थोरली आणि मी एका वर्गात होतो, धाकटी एक वर्ष मागे. त्यांचं घर पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, मेंढरं राखणारं. माझं कडेगावजवळचं, उसाचं. वडील फौजेतून रिटायर झालेले.

गाणं त्यांच्या आईचं. हळदीच्या वेळी नवरीला चिडवायला बायका म्हणतात, तसलं. थोरली ते वरच्या पट्टीत म्हणायची आणि धाकटी झील धरायची, म्हणजे मागून ओळ उचलायची. माझा आवाज मुळात जाड. शाळेत समूहगीतातून मला त्यापायीच बाहेर काढलं होतं. थोरली मात्र म्हणाली, "तू खालनं म्हण. आमच्या दोघींच्या पायाखाली कायतरी पायजे."

कॉलेजच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही कितीतरी दुपारी सरावात घासल्या. वरची ओळ कानात वाजत असताना खालची धरून ठेवणं सोपं नसतं, आवाज आपोआप वर पळतो. पळाला की धाकटी मला कोपरानं ढोसायची. मग एकदा जमलं. तिन्ही आवाज असे एकात एक बसले, की आम्ही मध्येच थांबलो आणि वेड्यासारख्या हसत सुटलो.

गॅदरिंगला ते म्हटलं. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढून नेटवर टाकला आणि तो तुफान चालला. पुण्याच्या एका गाण्यांच्या कंपनीच्या सरांचा फोन आला. तिथल्या स्टुडिओत आम्हाला एकेकीला काचेच्या खोलीत उभं केलं. थोरलीकडून अर्धा दिवस म्हणून घेतलं. माझं एकदाच. "वा, झालं तुझं," सर म्हणाले. एका झटक्यात पास झाले म्हणून मी खूश.

गाणं आलं आणि सातारा, सांगलीत एकही वरात त्याच्याशिवाय निघेना. ढोलांच्या दणक्यात खालचा आवाज कुठेतरी आहे, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही. वडील तर सलूनमध्ये बसून अनोळखी माणसालाही सांगायचे, "ती खालची भारी आवाजाची हाय न्हवं, ती माजी लेक!"

कार्यक्रम मिळायला लागले. कंपनीनं एकसारखी नऊवारी लुगडी दिली आणि रेकॉर्डिंगवर ओठ हलवायला शिकवलं. ते मला पटायचं नाही. पण निदान वाजतोय तो आवाज तरी आपला आहे, असं मी मनाला समजावायची.

विट्यातच एका मंगल कार्यालयात दुपारी साउंडची तयारी चालली होती. कंपनीनं तेव्हा तिघींचे आवाज सुटे करून पाठवले होते. साउंडवाल्या दादांनी एकेक वाजवून पाहिला. वरचा थोरलीचा. झीलही थोरलीचीच, जरा पातळ केलेली. मग खालचा लागला. तोही थोरलीचा, मशीनवर उतरवून घोगरा केलेला.

"दादा, चुकीचा लावलाय तुमी," मी म्हणाले.

"न्हाई ताई, तीनच आल्यात. ह्यो तिसरा."

मी पुन्हा लावायला सांगितलं. तिची श्वास घ्यायची लकब मला झोपेतही ओळखता आली असती.

आत थोरली केस विंचरत होती. मी विचारायच्या आत तिनं माझा चेहरा पाहिला.

"मला पुण्यातच कळलं व्हतं," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू निघून गेली असतीस. मग मी एकटी काय करणार व्हते?"

"आणि मी आत्ता काय करतीय? बाहुली हाय का मी?"

गाण्यातून आपलाही आवाज गेलाय, हे धाकटीला तेव्हाच कळत होतं.

सरांना फोन केला. ते अजिबात ओशाळले नाहीत. "तुझा आवाज वाईट नाही गं. पण गावाकडची मुलगी म्हटलं की लोकांच्या कानात असा आवाज नसतो. स्टेजवर मात्र तिघी लागतातच."

राग कुणावर काढावा कळेना. थोरलीशी मी कामापुरतंच बोलू लागले. शेवटी तीच म्हणाली, आपण एकदा खरंच म्हणू. औंधच्या बाजूला एका गावच्या यात्रेत तिनं कमिटीला गळ घातली आणि आम्ही एका ढोलकीवर तिघींनी गाणं म्हटलं. सायकल स्टँडखाली जमलं होतं, तसं जमलं. माझ्या अंगावर काटा आला. आणि समोरून ओरडा सुरू झाला, "ओरिजिनल लावा! ओरिजिनल!"

खाली उतरल्यावर एक म्हातारबा फार मायेनं म्हणाले, "पोरी, मोबाईलात लागतंय तसं न्हाई लागलं बग. गळा बसलाय का तुजा?"

मला रडूसुद्धा आलं नाही, नुसते दात करकरले.

दुसरं गाणं आम्ही सांगलीत एका ओळखीच्याच्या छोट्या स्टुडिओत केलं, तिघी एका माईकभोवती उभ्या राहून. कंपनीनं ते घेतलं नाही. आम्हीच टाकलं. ऐकलं थोड्यांनी. वडिलांना मी आधीचं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी अंगणात बसून ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात तू लय ऐकू येतीस. पयल्यासारखं दबून म्हण."

अजून बोलावणी येतात ती जुन्याच गाण्याला. धाकटी पोलीस भरतीच्या तयारीला लागलीय, पळून आली की घामेजल्या अंगानं सरावाला बसते. थोरली आता कार्यक्रम ठरवतानाच सांगते, आधी नवं, मग जुनं. काहीजण फोन ठेवून देतात. परवा कराडला एका हळदीत कबूल झाले. आम्ही नवं सुरू केलं तशा पुढच्या रांगेतल्या बायका जेवणाची ताटं घ्यायला उठल्या. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच म्हटलं, चालू दे. तिघींनी ते शेवटपर्यंत म्हटलं.