काकूंच्या आवाजाचं मशीन

"अरे, टँकर भरून उभेत नुसते! तुझ्या मशीननं फोन गिळले का काय?"

अण्णा दारातूनच ओरडले. अण्णा म्हणजे मालक. उस्मानपुऱ्यात त्यांचं टँकर सप्लायचं ऑफिस. साल दुष्काळाचं, शहर चहूकडं पसरत चाललेलं, नवीन कॉलन्यांत नळ नाय आणि बोअर आटलेले. अशात भरलेला टँकर उभा राहिला म्हणजे कुणाची तरी टाकी कोरडी पडली. आणि नवी फोन सिस्टिम मी त्याच दिवशी सकाळी सुरू केली होती.

सिस्टिमचं असं होतं. ऑफिसात लाईन तीन, उचलणारं माणूस एक, कुलकर्णी काकू. दोन लाईनी नुसत्या वाजत पडायच्या. मी एका जुन्या कंप्युटरवर लिनक्स टाकलं, त्यावर फोनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. म्हणजे फुकट मिळतं आणि आतून उघडून पाहिजे तसं बदलता येतं. तीनही लाईनी एका कार्डानं त्याला जोडल्या. आता फोन हा कंप्युटर, म्हणजे आमचा सर्व्हर, उचलणार, 'छोट्या टँकरसाठी एक दाबा, मोठ्यासाठी दोन' म्हणणार, मग पत्ता रेकॉर्ड करणार. दोनदा सांगूनही कोणी बटण दाबलं नाय, तर फोन कट.

अण्णा लई खूश. मला बाजूला घेऊन म्हणले, "एक तारखेपासून काकूला सुट्टी देऊ. मशीन हाय, मग माणूस कशाला?"

मी वायरी जोडत राहिलो. पलीकडं काकू डब्याच्या झाकणात माझ्यासाठी अर्धं थालीपीठ काढत होत्या. घ्यायची लाज वाटली. तरी खाल्लं. थालीपीठ काकूंचं होतं.

आता माझी चूक. सर्व्हरला आवाज पाहिजे होता. अण्णा म्हणले, तुझाच भर. पण मी फुलंब्रीच्या शाळेपासूनचा नकल्या. हेडमास्तरांच्या आवाजात माईकवरून एकदा अख्खी शाळा सोडून दिलेली. गप बसवतंय होय? मी काकूंचा आवाज काढला. आधी त्यांचा छोटा खोकला, मग "हां, बोला हो, काय म्हणता?" आणि मग एक दाबा, दोन दाबा. काकूंना ऐकवलं, तर हसून हसून डोळे पुसायला लागल्या. "मेल्या, माझा खोकलाही सोडला नाहीस!"

तर अण्णा ओरडल्यावर मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी. सकाळपासून चाळीसेक फोन. बटण दाबणारे तिघं. बाकी सगळे कट. पहिला दिवस म्हणून प्रत्येक फोन रेकॉर्ड होत होता. स्पीकर लावला.

"काकू, गुडघा कसा हाय? ऐका, उद्या नातवाचं बारसं हाय, टँकर आजच पाठवा..." कट.

"काकू, गल्लीत खोदलंय, मोठी गाडी येणार नाय. ऐकताय ना?" कट.

"काकू, बोलत का नाही? रागावलात का?" हा एक म्हातारा आवाज. तो तीनदा आलेला.

मी "बोला" म्हणलो आणि लोक बोलले. माझं एक-दोन त्यांच्या बोलण्याखाली दबून गेलं.

"फोन लाव सगळ्यांना!" अण्णा म्हणले.

लावणार कुठं? लाईनींना नंबर दाखवणारा कॉलर आयडी नव्हता. आणि कट झालेल्यांपैकी एकानंही नाव, पत्ता सांगितला नव्हता. इतक्या घरांत पाणी नाय, आणि ती कोणती घरं, हे सर्व्हरला ठाऊक नाय.

काकूंनी खुर्ची ओढली. "परत लाव. पहिल्यापासून."

बारशाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या लिहायला लागल्या. "वैशाली. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, पाईप लांब लागतो." पुढचा. "रशीदभाई. छोटी गाडी." म्हाताऱ्याचा आवाज आला तशा त्या स्पीकरकडं वाकल्या. "नाही हो जोशी सर, मी कशाला रागावू? एकटेच असता, आधी तुमच्याकडं पाठवते."

रेकॉर्डिंगला उत्तर देत होत्या. कोणी हसलं नाय. मी पण नाय.

तासाभरात कागद भरला. एकच आवाज ओळखू आला नाय, कुठल्या तरी नव्या कॉलनीतला. तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन मला मनसोक्त शिव्या देऊन गेला. बाकी सगळ्या गाड्या संध्याकाळच्या आत सुटल्या.

अण्णा इतका वेळ दारात उभे होते. आत आले, कागद बघितला, माझ्याकडं न बघता म्हणले, "ते एक तारखेचं राहू दे."

मी काकूंची माफी मागितली. त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "अण्णांचं बोलणं मी ऐकलं होतं रे. म्हटलं, आवाज तरी राहील इथं. म्हणून तुझी नक्कल ऐकून हसले."

मी तिथल्या तिथं सर्व्हरमधून ती नक्कल पुसून टाकली.

मग काम केलं. एक-दोन काढून टाकलं. आता फोन सरळ काकूंच्या टेबलावरच्या एक्स्टेन्शनला जातो. त्या बोलत असतील, तर बाकीचे रांगेत थांबतात, लाईन वाजत पडत नाय. रांगेतला आवाज माझा, साधा, खोकल्याशिवाय: "काकू बोलतायत, जरा थांबा." लोक थांबतात.

शिकलो ते एवढंच. मशीन बसवायच्या आधी एक दिवस फोन उचलणाऱ्याशेजारी स्टूल टाकून बसायचं. बसलो असतो, तर पहिल्या तासातच कळलं असतं की इथं पत्ता कोणी सांगतच नाय.