पंपकाकांचे नऊ दिवस

इस्पितळात त्यांना सगळे पंपकाका म्हणत. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की रक्त फिरवणारं यंत्र तेच चालवत, सव्वीस वर्षं. "तुमचं खरं लग्न पंपाशी झालंय, मी आपली सवत," असं बायको चिडवायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी लांब, आपल्या संसारात. काका एका खोलीत राहत आणि रेडिओतल्या निवेदकाला उत्तरं देत.

एका सोमवारी सहा वर्षांची मुलगी इस्पितळात आली. साध्या तापाचं निमित्त झालं, पण हृदयाच्या स्नायूला इतकी सूज आली की ते नुसतं थरथरत होतं. डॉक्टरांनी मानेत दोन जाड नळ्या घातल्या. एकीतून काळपट रक्त काकांच्या यंत्रात येई, प्राणवायू घेऊन दुसरीतून लालभडक परत जाई.

"हे मशीन तिला बरं करेल ना?" बापाने काकांना विचारलं.

"मशीन हृदयाला नुसती विश्रांती देतं हो. बरं तिचं तिलाच व्हायचंय."

काका दिवसभर टॉर्चच्या उजेडात नळ्यांत गुठळी शोधत. मुलगी औषधाच्या गुंगीत. तिच्याशी मात्र ते भरभरून बोलत, बायकोबद्दलसुद्धा.

पाचव्या दिवशी दुपारी प्राणवायू मिसळणाऱ्या डब्यात गुठळ्या झाल्या. डबा बदलायचा म्हणजे पंप बंद, आणि तेवढा वेळ मुलगी रामभरोसे. "नळ्यांना चिमटे लावा!" काका म्हणाले. चाळीस सेकंदांत नवा डबा बसला. मग काका बाहेरच्या बाकावर जाऊन पाणी प्यायले. जवळ कुणी नव्हतं.

सातव्या सकाळी पडद्यावरच्या रक्तदाबाच्या सपाट रेघेवर बारीक उंचवटे दिसले. हृदय स्वतःहून रक्त ढकलत होतं. नवव्या दिवशी नळ्या निघाल्या.

आठवड्याने काका वॉर्डात डोकावले. मुलगी चित्र रंगवत होती. आईने त्यांना कायम मास्कमध्येच पाहिलेलं.

"कोण हवंय आपल्याला?"

"काही नाही, सहज."

"आजोबा, तो खडू द्या ना," मुलगी म्हणाली. काकांनी वाकून पलंगाखालचा हिरवा खडू दिला. ती पुन्हा रंगवू लागली.

जिन्यात येऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, कामात आहे. काही तातडीचं?"

"छे गं. एक पोर बरी झाली, एवढंच."

"बरं झालं. करते हं नंतर."

काका थोडा वेळ पायरीवरच बसून राहिले.