खिडकीतला टॉवेल

सत्तरच्या दशकात मी भोकरदनहून जालन्याच्या शाळेत शिकवायला रोज एसटीने जायचो, बहुतेक उभ्यानेच. दर सोमवारी गाडीत एक धोतरवाले गृहस्थ असत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण मतं पाठ झाली होती.

गाडी स्टँडवर वळते न वळते तोच त्यांचा सालगडी धावत येऊन खिडकीतून टॉवेल आत टाकी. तो उचलायची कुणाची छाती नव्हती. गर्दी चढून झाली की गृहस्थ सावकाश येत, त्याच टॉवेलने सीट झटकून बसत आणि वर बघत म्हणत, "मास्तर, ज्याच्या अंगात धमक हाय त्यानं पुढं जावं. सरकारनं कुणाला हात देऊच न्हाई. मला कुणी दिला?"

मी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेला. हे त्यांना बराबर ठाऊक होतं.

एका सोमवारी सालगडी आलाच नाही. दारातल्या रेटारेटीत गृहस्थांची टोपी वाकडी झाली, धोतराचा सोगा कुणाच्या तरी पायाखाली गेला. मी तरुण होतो. घुसलो आणि नेमकी त्यांचीच खिडकी पटकावली. ते माझ्या डोक्यावरचा दांडा धरून उभे राहिले. हसनाबाद येईतो घामाघूम झाले.

"मास्तर, कमजोर माणसानं जावं कसं? सरकारला दिसून राह्यलं न्हाई का हे?"

मी मान डोलावली. पण खिडकीतून वारा छान लागत होता. जालना येईपर्यंत मलाही मनापासून वाटू लागलं होतं, की या लोकांनी घरून जरा लवकर निघायला काय हरकत आहे?