इंजिनावर ठेवलेला हात

माझ्या साडूला सगळे ठोक्या म्हणतात. हे नाव त्याला धंद्यामुळे पडलं की स्वभावामुळे, यावर आमच्यात अजून एकमत नाही. धंदा डेंटिंगचा. चेपलेल्या गाडीच्या पत्र्याला आतून लोखंडी ठोकळा लावायचा आणि बाहेरून हातोडीने ठोकून तो सरळ करायचा. स्वभावही तसाच. फरक एवढाच, की त्याच्या हाताखालून पत्रा सरळ होऊन निघायचा आणि माणूस वाकडा होऊन.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीत. घरचा थोरला जावई म्हणून तो दारापाशी खुर्ची टाकून बसला होता. बाहेर कुणीतरी त्याच्या गाडीला टेकून उभं राहिलं. हा उठला, बाहेर गेला, एक आवाज झाला, आणि परत येऊन बसला. "हं, काय म्हणत होता तुम्ही?" असं त्याने मला विचारलं. निघताना मी पाहिलं, तर तो टेकणारा इसम नाक धरून गटाराच्या कडेला बसलेला आणि शर्टाची पुढची बाजू सगळी लाल. या माणसापासून चार हात लांब राहायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. ते जमलं नाही, कारण त्याच्या गाडीने मला नादाला लावलं.

गाडी जुनी, डिझेल, ठोकळ्यासारखी चौकोनी. ठोक्याने ती भंगारवाल्याच्या दारातून ओढून आणली होती. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा कुठल्याशा अपघातात पार दुमडलेला. तो त्याने ठोकून ठोकून बसवला, पण कुलूप काही नीट बसलं नाही. बाहेरून ठरावीक जागी एक ठोसा दिला की दरवाजा उघडायचा. ऑइल मोजायची काडी आतच तुटलेली. नवी टाक म्हटलं तर म्हणायचा, "मला काडी कशाला? कान आहेत की." इंजिन ऑइल प्यायचं, म्हणून दर रविवारी सकाळी न चुकता एक डबा ओतायचा. त्याचं मोजमाप एवढंच. बघता बघता मीही एक जुनी डिझेल घेतली आणि माझ्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही असे आठदहा जण आहोत. शहराबाहेर एका बंद कारखान्यामागे सिमेंटचं पटांगण आहे, तिथे जमतो. गाड्या शनिवारी संध्याकाळीच नेऊन लावायच्या, रात्रभर गार होऊ द्यायच्या आणि रविवारी सकाळी एकेकाने चालू करायच्या. कुणाची पहिल्या फिरकीला पेटते, कुणाची खोकत बसते, कुणाची किती धूर ओकते, यावर आठवडाभर पुरेल एवढी टिंगल होते. नियम एकच. चालू करण्याआधी दुसऱ्या कुणीतरी इंजिनावर तळहात ठेवायचा आणि "थंड आहे" म्हणायचं. कुणी आधी येऊन गुपचूप गरम करून ठेवलेली नाही, याची ती साक्ष. आपल्या इंजिनाला हात लावू देणं म्हणजे त्या माणसाला आपला मानणं. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण आहे तसंच.

आमच्यात एक मास्तर आहेत. ड्रायव्हिंग शिकवतात. शिडशिडीत, हळू बोलणारे, आणि डिकीत कायम एक फळी बाळगणारे. हातभर लांब, एका बाजूला जाड रबर चिकटवलेली. कशाला, तर इंजिन पिसाळलंच तर असावी म्हणून. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत तेलकट काही गेलं आणि हवा मिळाली की ते पेटतं. ऑइल जास्त झालं आणि हवेच्या वाटेने आत शिरलं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं. मग किल्ली काढली तरी ते थांबत नाही, वेग वाढवत जातं आणि शेवटी फुटतं. एकच इलाज, त्याचं हवेचं तोंड दाबायचं. तेही हाताने नाही, कारण हात आत ओढला जातो. ठोक्या त्या फळीला भित्र्याची फळी म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

एकदा मास्तरांनी ठोक्याच्या इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "थोडं कोमट वाटतंय हो." खरं तर सकाळचं ऊन पडलं होतं बॉनेटवर, दुसरं काही नाही. त्यांचं वाक्य पुरं होतंय तोवर ते जमिनीवर होते आणि त्यांचे पुढचे दात सिमेंटवर. ठोक्याने त्यांना ओलांडून किल्ली फिरवली, गाडी पेटली, आणि आम्हाला म्हणाला, "बघितलंत? थंडच होती." पुढच्याच महिन्यात मास्तर कवळी बसवून पुन्हा हजर. मला ठोक्यापेक्षा त्यांचाच जास्त राग आला. असल्या माणसाच्या वाऱ्याला उभं राहू नये. मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "पण ही गाडी घेऊन मी दुसरीकडे जाऊ कुठे?" आणि खरं तर मीही तिथेच येत होतो.

ठोक्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, लवकर गेली. मागे एक मुलगी. ती हातोडीच्या आवाजात वाढली, गाडीच्या खाली झोपून पाने देत वाढली. तिच्यावर त्याने कधी बोटसुद्धा उगारलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तिच्यादेखत जगाला मात्र बडवलं. भाजीवाल्याला, शेजाऱ्याला, मागून हॉर्न देणाऱ्याला. एकदा तिच्या ऑफिसातला एक जण तिला घरी सोडायला आला. ठोक्याने दारातच त्याचा जबडा मोडला. का, तर म्हणे तो हसला. त्या बिचाऱ्याला कितीतरी दिवस नळीने दूध प्यावं लागलं.

ती पिशवी भरून आमच्याकडे आली. मावशीच्या गळ्यात पडून रडली आणि मग रडणं थांबवून राहूनच गेली. ठोक्या रोज संध्याकाळी येऊन आमच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. आत ये म्हणायची माझी इच्छा नव्हती, आणि त्याची हिंमत नव्हती. सात महिन्यांनी ती स्वतः फाटकापाशी गेली.

"बाबा, मी घरी येते," ती म्हणाली. "पण तुमचा हात पुन्हा एकदा जरी कुणावर उठला, तरी मी कायमची निघून जाईन. कारण काय होतं, ते ऐकूनसुद्धा घेणार नाही."

"नाही उठणार," ठोक्या म्हणाला.

आणि नवल म्हणजे, खरंच नाही उठला. राग आला की वर्कशॉपमध्ये जायचा आणि भंगारातला एखादा दरवाजा पुढ्यात घेऊन ठोकत बसायचा. आसपासच्यांच्या कानठळ्या बसत, पण दात सगळ्यांचे शाबूत होते. त्याच्या वाटेने जाताना लोक अजूनही रस्ता ओलांडत, ते त्याला दिसायचं, आणि तो गिळून टाकायचा. मलासुद्धा वाटायला लागलं की माणूस सुधारला. मग एका शनिवारी त्याने गाडी पटांगणात नेऊन लावली, घरी आला आणि किल्ली मुलीच्या हातात ठेवली. त्या गाडीला किल्ली एकच. आजवर ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती.

"उद्या तू चालू कर," तो म्हणाला.

आता काय झालं ते नीट सांगतो. सगळ्यांसमोर पोरीचे हात तेलकट होऊ नयेत, म्हणून ठोक्याने ऑइलचा डबा शनिवारी संध्याकाळीच ओतला होता. आणि बाबांना वाकायला लागू नये, म्हणून रविवारी सकाळी तिने लवकर येऊन एक डबा ओतला. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. मोजायला काडी नव्हतीच.

सगळे जमल्यावर तिने बॉनेट उघडलं आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही हात ठेवा." मास्तरांनी ठोक्याकडे पाहिलं. ठोक्याने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. मास्तरांनी तळहात ठेवला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ठेवला. "थंड आहे," ते म्हणाले.

तिने डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझायची वाट पाहिली आणि किल्ली फिरवली. पहिल्या फिरकीला पेटली. ठोक्या हसला, त्याचं ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग इंजिनाचा सूर चढायला लागला. तिचा पाय एक्सिलेटरवर नव्हता. तो आवाज चढत गेला, गुरगुरण्याचा ओरडा झाला, ओरड्याची किंचाळी झाली, आणि मागून निळापांढरा धूर असा सुटला की शेजारची गाडी दिसेनाशी झाली. तिने किल्ली काढली. काही फरक पडला नाही. शिकवल्याप्रमाणे तिने ब्रेकवर सगळा जोर दिला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला, म्हणजे इंजिन दबून बंद पडावं. पण क्लच म्हातारा, तो घसरला आणि जळायला लागला. गाडी थरथरत पुढे ओढ घेत होती, आणि पुढे आम्ही उभे होतो. ब्रेकवरचा पाय उचलला असता तर ती आमच्या अंगावर आली असती. म्हणून पोर जागची हलली नाही.

आम्ही पळालो. माझ्यासकट सगळे. इंजिन फुटलं की लोखंडाचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. फक्त दोघे पुढे गेले. ठोक्या दरवाज्याकडे धावला आणि मास्तर आपल्या डिकीकडे.

ठोक्याने दरवाज्यावर त्या ठरावीक जागी ठोसा मारला. उघडला नाही. दुसरा मारला, तिसरा मारला. आत ती धुरात दिसत नव्हती. मग त्याने मूठ वळली आणि काचेवर हाणली. काच फुटली तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि फाटत बाहेर आला. त्याने तिला काखेत धरून खिडकीतून बाहेर ओढलं. तेवढ्यात, गाडी सुटायच्या आत, मास्तरांनी बाजूने वाकून हवेचा पाइप उपसून काढला आणि त्या तोंडावर फळी आपटून दोन्ही हातांनी, छातीने दाबून धरली. आत खाडकन काहीतरी तुटलं. इंजिनाच्या कुशीतून लोखंडाचा एक तुकडा बाहेर पडला आणि मास्तरांच्या पायाशी सिमेंटवर फिरत राहिला. गाडीने एक गचका दिला आणि सगळं शांत झालं.

ठोक्याने मुलीला जमिनीवर बसवलं. ती खोकत होती, पण धड होती. मग तो वळला. त्याला दिसलं काय, तर इंजिन फुटलेलं, ऑइल भळाभळा वाहतंय, आणि त्यावर ओणवे मास्तर.

"हात ठेवायला आलास तेव्हा काय ओतलंस?" तो म्हणाला.

"बाबा, ऑइल मी ओतलं होतं," ती मागून म्हणाली. धुराने तिचा आवाज बसला होता. मला मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तो हात उठला. रक्ताने माखलेला तोच हात, काच फोडलेला. मास्तर अजून फळी धरूनच होते, त्यांनी तोंड चुकवायलाही ती सोडली नाही. पहिल्या ठोशाला कवळी उडाली. दुसऱ्याला मास्तर खाली बसले. तिसरा मारायच्या आधी मी आणि आणखी दोघांनी त्याला मागून धरलं, आणि माझा ओठ फुटला तो त्याच्या कोपराने.

ती उठली. कवळी उचलली, स्वतःच्या शर्टाला पुसली आणि मास्तरांच्या हातात दिली. त्यांना आधार देऊन माझ्या गाडीत बसवलं. बापाकडे तिने पाहिलं नाही. ऑइल पोरीने ओतलं होतं, हे मी कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा ठोक्याला कळलं, आणि तो फक्त एवढंच म्हणत राहिला, "मीपण ओतलं होतं. मीपण कालच ओतलं होतं." त्याच्या हातातून रक्ताची धार लागली होती आणि कुणी फडकं दिलं नाही. मीही दिलं नाही.

नंतर ठोक्याने मला शपथेवर सांगितलं की त्याला तिचं बोलणं ऐकू आलं नाही. असेल. सगळा जन्म पत्रा ठोकण्यात गेल्यावर कान जातातच. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, काच त्यांनी माझ्यासाठी फोडली, ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण काच फोडून झाल्यावर त्यांना थांबता आलं नाही. मी आधीच सांगितलं होतं, की कारण काय होतं ते ऐकून घेणार नाही." तेव्हापासून ती आमच्याकडे असते. किल्ली त्या दिवशी तिच्या मुठीतच राहिली होती. ती आमच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकते. ती किल्ली तिने परतही केली नाही आणि फेकलीही नाही.

ठोक्याने इंजिन उतरवलं, सगळं नवं भरलं, काच बसवली, दरवाज्याचं कुलूप नीट केलं. ऑइल मोजायची काडीसुद्धा टाकली. डिकीत आता त्याचीही एक फळी असते. वायर जोडून किल्लीशिवाय गाडी चालू करणं त्याच्या हातचा मळ आहे. तो करत नाही. दर शनिवारी मी माझ्या गाडीला दोर बांधून त्याची गाडी पटांगणात ओढून नेतो. का नेतो, मला विचारू नका, बायको रोज विचारते. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. रविवारी तो बॉनेट उघडून बाजूला उभा राहतो. त्याच्या इंजिनाला कुणी हात लावत नाही.

गेल्या रविवारी मास्तर उठले. ठोक्या दोन पावलं मागे सरकला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले. मास्तरांनी इंजिनावर तळहात ठेवला.

"थंड आहे," ते म्हणाले.

ठोक्या बॉनेटकडे बघत राहिला. बाकीच्यांच्या गाड्या चालू झाल्या, धूर झाला, टिंगल झाली. सगळे पांगल्यावर तो मला म्हणाला, "साडू, दोर बांध."

मी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

"चालू केली?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि मला पाणी दिलं.