राखून ठेवलेला निकाल

साहेबराव गावंडे गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कसे गेले? जवळ कोण होतं?" पलीकडून ती रडत होती आणि मी तपास करत होतो. बायकोनं हातातून फोन काढून घेतला, म्हणून पुढचं नीट झालं. हृदयविकार, सकाळी, अंघोळ करून पूजेला बसायच्या आधी... त्यात संशय घेण्यासारखं काहीही नव्हतं. पण सारी उमेद सरकारी वकिलीत गेलेल्या माणसाचं हे असंच होतं. लाचेच्या खटल्यांत मी इतकी वर्षं उभा राहिलो की समोरच्या माणसाचा चेहरा मी नंतर बघतो, आधी त्याचे हात बघतो. साहेबरावांचे हात मी सर्वांत जास्त बघितले असतील. आणि ते काही आरोपी नव्हते, माझेच साक्षीदार होते.

अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत ते लिपिक. मूळचे मूर्तिजापूरकडचे, अंगानं किरकोळ, डोक्याला चापून तेल. नाव साहेबराव, पण जन्मभर साहेब म्हणायचं काम त्यांच्याकडेच होतं. लाच घेताना कोणाला पकडायचं असलं की सापळा लावतात आणि पंच म्हणून दुसऱ्याच कचेरीतली दोन माणसं मागवतात. त्यांना आधी काही सांगत नाहीत. वरिष्ठ नुसतं म्हणतात, अमक्या ठिकाणी हजर व्हा. त्या दिवशी साहेबरावांच्या कचेरीतली दोन चतुर माणसं पोटदुखीनं घरी गेली आणि पाठवायला हे उरले. नोटांना पावडर कशी लावतात, ती हाताला लागली की सोड्याच्या पाण्यात हात धुताच ते गुलाबी कसं होतं, हे त्यांना दाखवलं, आणि तक्रारदाराचा लांबचा भाऊ म्हणून त्याच्याबरोबर धाडून दिलं; दुसरा पंच पोलीस पथकाबरोबर लांब थांबला. सांगणं एवढंच, की अधिकारी काय बोलतो ते कान देऊन ऐकायचं.

तक्रारदार पिठाच्या गिरणीचा मालक होता, जागेच्या मोजणीसाठी अडलेला. अधिकारी कोण, कुठल्या गावचा, ते लिहीत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव घेऊ नये, एवढा कायदा मला अजून आठवतो. त्यानं गिरणीवाल्याला कचेरीत न बोलावता समोरच्या रसवंतीवर बोलावलं. आता आपल्याकडची रसवंती ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली, चरक फिरला की छुम छुम सुरू. गिऱ्हाइकाला लांबून कळावं म्हणून मालकानं बांधलेली ती घुंगरं पुढे माझ्या खटल्याच्या मुळावर आली. अधिकाऱ्यानं रस पीत पीत पैसे घेतले, गिरणीवाल्यानं ठरल्याप्रमाणे दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पथक धावलं, हात धुतले, पाणी गुलाबी झालं. संध्याकाळी पंचनामा लिहिला गेला. अधिकाऱ्यानं पैसे मागितले आणि पंचानं ते ऐकलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली साहेबरावांची सही होती.

खटला माझ्याकडे आला तेव्हा मी खूश होतो. अशा खटल्यात पैसे सापडून भागत नाही, ते मागितल्याचं सिद्ध करावं लागतं. नाहीतर आरोपी म्हणतो, उसने दिले होते ते परत आले, आणि सुटतो. खटला उभा राहायला इतका वेळ गेला की मधल्या काळात गिरणीवाल्याची मोजणी होऊन गेली. साहजिकच साक्षीच्या दिवशी त्याला काही आठवेना. त्याच्या खिशात ठेवलेल्या रेकॉर्डरमध्ये दोन माणसं बोलत होती एवढंच कळे, शब्द लागत नव्हते. म्हणजे सगळा भार या एका तेल लावलेल्या डोक्यावर. साक्षीआधी मी त्यांना बोलावून पंचनामा वाचायला दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, परत दिला, आणि एक अक्षर न बोलता गेले. मला ते शांतपण तेव्हाच खटकलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी माझ्या कानावर आलं की साहेबराव अमरावतीला गेले होते, आणि जिथे गेले त्या गल्लीतच आरोपीचा मेहुणा राहतो. रात्रभर मी कूस बदलत होतो.

कोर्टात मी विचारलं, "आरोपी तक्रारदाराला काय म्हणाला?"

साहेबरावांनी वर पंख्याकडे बघितलं. "पैसे घेताना पाह्यलं साहेब. बोलणं ऐकू आलं नाई."

"पंचनाम्यात लिहिलं आहे."

"लिहेल हाय. सही माहीच हाय. पन ऐकू नाई आलं. घुंगरं वाजत होते ना."

मागच्या बाकांवर हशा पिकला. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन माझ्याच साक्षीदाराला फितूर ठरवलं आणि उलटतपासणीला लागलो. काल अमरावतीला कशाला गेला होतात? बहिणीकडे. बहिणीच्या घरासमोर आरोपीचा मेहुणा राहतो, हे खरं की नाही? "राह्यते. आता मी काय करू, त्याले तेथून उठवू?" पुन्हा हशा. मग मी भर कोर्टात त्यांना सुचवलं की तुम्ही आरोपीशी संगनमत करून खोटं बोलत आहात. त्यांनी पुन्हा पंख्याकडे बघितलं. नंतर हळूच "नाई" म्हणाले. आरोपी सुटला. पेढे वाटले गेले. त्या पेढ्यातला एक यांच्याही घरी पोहोचला असेल, अशी माझी पक्की खात्री होती.

त्यानंतर एका रविवारी हे गृहस्थ माझ्या अकोल्याच्या घराच्या फाटकात उभे! मी आत या म्हटलं नाही. त्यांनीच सुरुवात केली. "साहेब, तुमचा माह्यावर डाउट हाय."

"आहे," मी म्हणालो.

"म्हनूनच आलो. कचेरीतले टेबलाचे खन लावून घेतात मी आलो का. त्यायले वाटते मी पोलिसाचा मानूस. बाहेरचे म्हनतात, यानं खाल्ले. पन सारे पाठीमांगून म्हनून राहिले. तोंडावर म्हननारे तुमी एकटेच."

मी फाटक उघडलं. माझ्याही मनात डाव होता, खोटं कशाला सांगू. म्हटलं, येऊ दे, बसू दे, एखाद्या दिवशी बोलता बोलता निसटेल तोंडून. मग ते दर रविवारी येऊ लागले आणि मी दर रविवारी लक्ष ठेवू लागलो. बायको म्हणे, "अहो, माणूस चहा प्यायला येतो, त्याचीही उलटतपासणी?" दिवाळीला ते हात हलवत यायचे आणि दारातच सांगायचे, "रिकामाच आलो साहेब. मिठाई आनली तर तुमी म्हनसान, पटवाले आला." एकदा मी सरळ विचारलं, "ऐकू आलं नव्हतं तर मला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुमी इचारलंच कुठं? तुमी म्हनलं, वाचा. मी वाचलं." मग सही का केली? "त्या दिवशी सारेच म्हनत होते, कर. पन कोर्टात शपथ घेतली ना साहेब..." उत्तर चोख होतं. चोख उत्तरं मला कधीच आवडलेली नाहीत.

हळूहळू त्यांना एक सवय लागली. त्यांच्या घरात नवीन काही आलं की मी विचारायच्या आत खुलासा. फ्रीज आला, "भाच्याचा जुना हाय." वरची खोली चढली, "सोसायटीचं कर्ज काढलं." पायात नवी चप्पल दिसली तर, "सेलमधी घेतली बाप्पा, पाहू नका असे." आम्ही दोघंही हसायचो. पण त्या माणसाला साधी चप्पल घेतानासुद्धा मी आठवत असेन, हे मला हसता हसता कळत होतं, आणि कळूनही माझी नजर खाली पायाकडे जातच होती.

एका उन्हाळ्यात कोणाला न सांगता मी त्या रसवंतीवर गेलो. साहेबराव उभे होते तिथे जाऊन उभा राहिलो. रस घेतला, शेजारचे दोघे लग्नाच्या याद्यांबद्दल बोलत होते तिकडे कान लावला. चरक फिरायला लागला. काही शब्द ऐकू आले, काही नाही... पुढच्या रविवारी मी त्यांना हे सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. ते मात्र खुर्ची पुढे ओढून बसले, डोळे लुकलुकत होते. "मंग? काय निकाल?"

मी म्हणालो, "निकाल राखून ठेवला आहे."

हे त्यांना इतकं आवडलं की पुढे तोच आमचा रामराम झाला. निवृत्तीनंतर मी अमरावतीला मुलाकडे आलो. तरी बहिणीकडे आले की ते माझ्याकडे डोकावत, आणि चपला काढता काढता विचारत, "काय साहेब, निकाल?" मी म्हणायचो, "राखीव." मग चहा. शेवटचे आले तेव्हा जिना चढून दमले होते. श्वास जागेवर येईपर्यंत बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मीही नेहमीचंच उत्तर दिलं. ते हसले, पण लगेच नाही. जरा थांबून म्हणाले, "लवकर लावा आता." मी ते थट्टेवारी नेलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, साहेबराव, तुम्ही खरं बोललात. मी म्हटलं नाही, कारण मला तेव्हाही खात्री नव्हती. आजही नाही. पण मला त्यांची जितकी सवय झाली होती तितकी सख्ख्या भावाचीही नाही, आणि रविवारी दाराची कडी वाजली की अजून मी आधी घड्याळाकडे बघतो.

तेरवी झाल्यावर अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलोच नव्हतो. साक्षीदाराच्या घरी जायचं नाही, ही जुनी शिस्त. घर अगदी साधं होतं. भाच्याचा जुना फ्रीज होता, वर पोपडे आलेलं छत होतं. मनाशी नको नको म्हणतानाही मी ते सगळं बघून घेतलं. समोर भिंतीवर साहेबराव, चापून तेल लावलेले, फोटोतही पंख्याकडे बघितल्यासारखे जरा वर बघणारे. निकाल सांगायला आता तेवढाच पक्षकार उरला होता. मी उभा राहून बघत राहिलो. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझी नजर कुठे आहे ते बघून घाईघाईनं म्हणाल्या, "फोटोची फ्रेम जावयानं करून आनली साहेब. आमी नाई घेतली."

मी म्हणालो, "वहिनी, मी काही विचारलं नव्हतं."

"तुमी नाई इचारलं," त्या म्हणाल्या. "पन हे असते तर सांगतलं असतं ना..."