जायफळाने अडलेलं औषध

डब्लिन विमानतळावर माझा धाकटा भाऊ मिलिंद हसत उभा होता, आणि मला त्या हसण्याचाच राग आला. आयर्लंडमधल्याच लिमरिकच्या रुग्णालयात तो भूलतज्ज्ञ आहे. तीन वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेत होता आणि फोनवर मला सांगत होता, "मस्त आहे, ताई." खरं कळलं ते गेल्या महिन्यात, तेही सोबतीला माणूस हवा म्हणून. डब्लिनमधल्या नव्या औषधाच्या एका चाचणीत त्याची निवड झाली होती. विशिष्ट अळंबीतल्या द्रव्याचा एक डोस, सहा तास थेरपिस्ट शेजारी, नंतर घरी न्यायला जवळचं कुणीतरी. "हे शेवटचं करून बघतो," तो म्हणाला. त्या 'शेवटचं'ला भिऊन मी सांगलीहून निघाले.

डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टला त्याच्या मैत्रिणीकडे, वैशालीकडे उतरलो. सगळी नवी, एकसारखी घरं. एकदा मी शेजारच्यांच्याच दाराला किल्ली लावली. "ताई, साखर प्रेसमध्ये आहे हं," वैशाली म्हणाली (प्रेस म्हणजे कपाट). मिलिंदला झोप नव्हती. जेवणानंतर त्याला वेलचीचं दूध दिलं आणि त्यात बरोबर आणलेलं जायफळ सढळ हाताने किसलं. आमच्या घरी झोपेवर हाच इलाज.

सकाळी लुआसने (ट्रामने) शहरात गेलो. खोलीत कोच, पांघरूण, डोळ्यांवर बांधायची पट्टी. नर्सने विचारलं, "कालपासून पोटात काय काय गेलं?" मिलिंदने यादी सांगितली. दुधात जायफळ होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गप्प बसावं असं मला फार वाटलं, पण सांगितलं. "किती?" मी चिमूट दाखवली. मग खरी, मोठी चिमूट दाखवली.

ती डॉक्टरांना विचारून आली. जास्त झालं तर जायफळही डोक्यावर परिणाम करतं, म्हणून सत्र आठवडाभर पुढे. "काळजी नको, सगळं ग्रँड होईल," ती म्हणाली (ग्रँड म्हणजे तिकडे नुसतं 'ठीक').

"अगं, विचारायचं तरी!" मिलिंद ट्राममध्ये चिडला.

"आणि तू तीन वर्षांत सांगायचंस तरी!" मी ओरडलेच. समोरच्या आजी मुकाट्याने खिडकीबाहेर पाहू लागल्या.

माझं परतीचं तिकीट बदललं. तो आठवडा लिमरिकला काढला. दोन दिवस अबोला, मग शॅनन नदीकाठी रोजचं चालणं.

दुसऱ्या खेपेला सत्र झालं. मी कालव्याकाठी भटकले, एका ठिकाणी सूप आणि जाड तपकिरी पाव खाल्ला. बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "काय क्रॅक?" (काय विशेष?) "भाऊ दवाखान्यात आहे," मी म्हटलं. ते सरकले आणि मला बसायला जागा दिली. पुढे काही विचारलं नाही.

मिलिंद बाहेर आला तो ताप उतरलेल्या माणसासारखा. काय दिसलं ते विचारायचं नाही, असं नर्सने मला बजावलं होतं. ट्राममध्ये तोच म्हणाला, "खूप घाबरलो होतो, ताई. थेरपिस्टचा हात धरून रडलो."

"मग?"

"तिने सोडला नाही."

चार दिवसांनी मी सांगलीला परतले. त्या औषधाने तो बरा झाला का, हे इथे सगळे विचारतात. मला माहीत नाही. काल दुपारी त्याचा फोन आला. "ताई, आज बरं वाटत नाहीये," तो म्हणाला; या वेळी 'मस्त आहे' नव्हतं. मला इतका आनंद झाला, की आधी त्या आनंदाची लाजच वाटली.